फ्लॅट घ्यावा की 40 लाख? सही करण्याआधी हा हिशोब मांडा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बारा वर्षांचा संसार, नऊ वर्षांची मुलगी, शाळेतली नोकरी, हातात येणारा पगार 52,000. घटस्फोट परस्पर संमतीने घ्यायचं ठरलंय आणि मिस्टरांनी दोन पर्याय ठेवलेत. एक, चिंचवडचा फ्लॅट तुम्ही घ्या आणि उरलेलं कर्जही तुम्हीच फेडा. दुसरा, फ्लॅट सोडा आणि एकरकमी 40 लाख घ्या. मुलीसाठी महिना 15,000 दोन्हीकडे आहेतच. ‘तिच्या खोलीच्या चौकटीवर उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, म्हणून घर सोडवत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मीही थांबलो. तरी आधी आकडे बघू.

फ्लॅटची आजची किंमत 95 लाख, कर्ज बाकी 38 लाख. म्हणजे घरात खरे अडकलेत 57 लाख. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि हप्त्यातला अर्धा वाटा तुमच्या पगारातून गेलाय. तेव्हा त्यातले साडेअठ्ठावीस लाख आजही तुमचेच आहेत. मग 40 लाखांत पोटगी किती उरली? साडेअकरा लाख. बाकीचे तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळताहेत. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप निम्मी होत नाही. गोव्यात नागरी कायदा वेगळा आहे, पण इथे कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले हेच बघतात. म्हणून गेल्या दहा वर्षांची बँक स्टेटमेंटं आजच काढून ठेवा.

पहिला पर्याय कागदावर मोठा दिसतो, पण महिन्याचं गणित बसत नाही. साडेआठ टक्क्यांनी, 14 वर्षांसाठी हप्ता साधारण 38,750. सोसायटीचे 4,000. हातात उरले 9,250. मुलीचे 15,000 आले तर चोवीस हजारांत दोघींचा किराणा, फी, रिक्षा, औषधं. ते एका महिन्यात आले नाहीत तर हप्ता चुकणार. शिवाय 52,000 पगारावर एवढं कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर करायला बँक तयार होणं अवघड. तोवर सहकर्जदार म्हणून मिस्टरांचं नाव राहणार. कोर्टाचा हुकूमनामा बँकेला बंधनकारक नसतो. हप्ता थकला तर बँक दोघांकडेही मागते आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक, दोघांचाही खराब होतो. त्यांना उद्या दुसरं घर घ्यायचं असेल तर हे कर्ज त्यांच्याही आड येईल. बोलणी करताना हे शांतपणे त्यांच्यासमोर मांडा.

माझं मत सांगतो. पहिल्या पर्यायात ते आपला साडेअठ्ठावीस लाखांचा वाटा सोडायला तयार आहेतच. मग तेवढंच वेगळ्या रीतीने मागा: फ्लॅट विकायचा, कर्ज फेडायचं, उरलेले 57 लाख तुमचे. त्यांचा वाटा तेवढाच जातो. विक्रीवरचा भांडवली नफ्याचा कर आणि दलाली कुणी भरायची, हे मात्र लिहून घ्या. त्याच भागात वन बीएचके 45 लाखांच्या आसपास मिळतो. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. डोक्यावर कर्ज नाही, शाळा तीच, आणि थोडी गंगाजळीही राहील. त्यांना फ्लॅटच हवा असेल तर 40 वर थांबू नका. 57 पासून बोलणी सुरू करा.

फ्लॅट ठेवायचाच असेल तर एकच अट घाला: त्यांनी 20 लाख थेट कर्जखात्यात भरावेत. मग हप्ता 18,350 च्या आसपास येतो आणि तो तुम्हाला झेपेल. त्यांचा हिस्सा तुमच्या नावावर करायचा तो हुकूमनाम्याच्या आधी, बँकेचं ना हरकत पत्र घेऊन. बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आणि शहरानुसार अधिभार एवढंच लागतं. घटस्फोटानंतर तुम्ही बायको राहत नाही, ती सवलतही राहत नाही.

एकरकमी पोटगी भांडवली रक्कम धरली जाते, तिच्यावर आयकर नाही. दरमहा पोटगी घेतली तर ती तुमचं उत्पन्न ठरते, आणि पुन्हा लग्न केलंत तर ती बंदही होऊ शकते. मुलीचे 15,000 मात्र कायम वेगळ्या कलमात ठेवा, दरवर्षी वाढ लिहून. पाचवीतली फी दहावीत राहत नाही. वडिलांच्या जिवावर चाललेल्या या रकमेसाठी त्यांनी टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, काढावा, तोही 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, मुलीला लाभार्थी करून. मग देणेकऱ्यांना त्या रकमेला हात लावता येत नाही.

लग्नातले दागिने, माहेरून आलेलं सगळं स्त्रीधन आहे, ते या 57 लाखांत मोजू देऊ नका. त्यांच्या कंपनीच्या आरोग्य विम्यातून तुमचं नाव निघेल, तेव्हा स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, म्हणजे प्रतीक्षा कालावधी (सुरुवातीचा काळ, ज्यात काही आजारांचा खर्च मिळत नाही) आजपासून मोजला जाईल. तुमच्या पीएफचं नामनिर्देशनही बदला.

आणि पैसे ‘नंतर देतो’ यावर सोडू नका. काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेली डीडीने, दुसऱ्या वेळी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात उभ्या राहाल त्या दिवशी, असं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या संमतीच्या अटींत, तारखेनिशी लिहून घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो. चौकटीवरच्या खुणांचा फोटो काढून ठेवा, आणि पट्टीने मोजून त्याच उंचीवर नव्या चौकटीवर उतरवून घ्या.