बार्बरा नावाची ही बाई कोण?

प्रश्न : माझी मुलगी फ्रेंच शिकते. तिच्या मोबाईलवर सारखं 'गॉटिंगेन' नावाचं गाणं सुरू असते, गाणारी कोणी बार्बरा आहे म्हणे. गाणं फ्रेंच अन् गाव जर्मनीतलं, हे कसं काय ताई?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, पोरीची आवड एकदम खास आहे! बार्बराचं खरं नाव मोनिक सेर्फ, जन्म 1930 चा, पॅरिसचा. घर ज्यू, त्यामुळे जर्मन फौजा फ्रान्समधे घुसल्या अन् तिचं बालपण या गावातून त्या गावात लपतछपत गेलं. अशा बाईला 1964 मधे जर्मनीतल्या गॉटिंगेनहून गायचं बोलावणं आलं, जायचं मनात नव्हतंच, तरी गेली, पण ग्रँड पियानो पाहिजे ही अट घालून. तिथं पाहते तर स्टेजवर साधा उभा पियानो. बाई अडून बसली, गाणार नाही म्हणजे नाही. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या घरचा ग्रँड पियानो दिला, कॉलेजची पोरं तो उचलून थेटरात घेऊन आली, अन् उशीर झाला तरी लोक जागचे हलले नव्हते. तिचा मुक्काम वाढला, अन् जायच्या आधी थेटरच्या बागेत बसून तिनं हे गाणं लिहायला घेतलं. लेकरं पॅरिसची काय अन् गॉटिंगेनची काय, सारखीच, असं त्यात आहे. 1967 मधे तिथंच जाऊन ते जर्मनमधे गायली. 2003 मधे जर्मन चॅन्सेलर श्रोडर यांनी फ्रान्समधल्या व्हर्सायच्या भाषणात याच गाण्याची आठवण काढली.

सुरुवातीला ती पॅरिसच्या लेक्ल्यूज नावाच्या लहानशा कॅबरेत, म्हणजे बसून गाणी ऐकायच्या जागेत, ब्रेल, ब्रासांस या गायक-कवींची गाणी गायची. मग स्वतःच लिहिणं, स्वतःच चाल लावणं, स्वतःच गाणं, आपले सुरेश भट स्वतःच्या गझला गायचे ना, तसंच. तिचं 'नांत' हे गाणं मात्र जरूर ऐका. घर सोडून गेलेला बाप नांत शहरात मरणाला टेकला, ही 1959 मधे धावत गेली, पोचेस्तोवर तो गेला होता. या बापानं लहानपणी आपल्यावर अत्याचार केला हे तिच्या आत्मकथनात आहे, ते ती 1997 मधे वारल्यावर छापून आलं. अन् गाण्यात बापाला एक शिवी नाही! मला तर हे गाणं सलग ऐकवत नाही.

मुलीला म्हणा, 'नांत'ची एकेक ओळ थांबवून मराठीत सांग. तिचं 1970 चं 'लेग्ल न्वार' (म्हणजे काळा गरुड) हे गाणं त्याच्यानंतर लावा.