पाच फुटी ख्रिसमस ट्री आणलंय, पण फोटोतल्यासारखं भरगच्च दिसत नाही. कसं सजवायचं आणि सामान किती लागेल?

या प्रश्नात खरं तर चार गोष्टी येतात. झाड विरळ दिसतं आणि मधला दांडा डोळ्यांत येतो, स्टँडवर ते एका अंगाला कलतं, घरातल्या दिवाळीच्या माळा चालतील का, आणि बॉल-चांदण्या किती आणायच्या. बॉलचं शेवटी बघू. झाडाचं रूप पहिला बॉल लटकवायच्या आधीच ठरलेलं असतं. विरळपणा झाकायला लोक आणखी एक डबा बॉल आणतात, मग झाड विरळ ते विरळच राहतं आणि वर ओझ्याने वाकतं.

खोक्यातून निघालेलं झाड कित्येक महिने दाबून ठेवलेलं असतं. त्याची एकेक फांदी म्हणजे तारेत पिळलेल्या पीव्हीसीच्या कातरलेल्या पट्ट्या, आणि पाच-सात उपफांद्या मुख्य तारेला चिकटून झोपलेल्या. बहुतेक जण फांदी खाली ओढतात, टोकं जरा पसरवतात आणि झालं म्हणतात. खरं काम आतल्या बाजूला असतं. दांड्याला लागून असलेल्या पहिल्या दोन उपफांद्या सरळ वर उभ्या करा, दांडा त्यांच्यामुळेच झाकला जातो. त्यापुढची एक डावीकडे, एक उजवीकडे, मग एक तिरकी वर, एक तिरकी खाली. शेवटचं टोक समोर आणि किंचित वर वळलेलं. सगळ्या उपफांद्या हाताच्या पंजासारख्या एकाच पातळीत पसरू नका. असा पंखा वरून बघितला तर भरलेला वाटतो, पण सोफ्यावर बसून बघणाऱ्याला तो कडेने दिसतो आणि त्याला फक्त एक हिरवी रेघ दिसते.

सुरुवात सगळ्यात खालच्या थरापासून करा आणि तो पुरता उलगडल्यावरच वरचा भाग दांड्यात बसवा. पाच फुटी झाडाला पाऊण ते एक तास लागतो, दहा मिनिटांत उरकलं असेल तर ते झालेलं नाही. हातमोजे घाला, कातरलेल्या तारांची टोकं बोचतात. खाली जुनी चादर अंथरा, कारण हिरवे तुकडे आठवडाभर केरात येत राहतात. इतकं करूनही दांडा दिसतच असेल तर झाडाला मुळात उपफांद्यांची टोकंच कमी आहेत (पाच फुटाला चारशेच्या आसपास असली तर बरी, दोनशेचं झाड कसंही फिरवा, ते काटकुळंच दिसणार). अशा वेळी गडद हिरव्या झिरमिळ्यांची एक माळ नुसत्या दांड्याभोवती खालपासून वरपर्यंत गुंडाळा. स्वस्त उपाय आहे आणि दोन हातांवरून कळतसुद्धा नाही.

आता कलण्याचं. तीन पायांच्या प्लास्टिकच्या स्टँडमध्ये पाइप सैल बसतो आणि पिळायचे स्क्रू पाइपला एकाच बाजूने रेटतात, म्हणून झाड तिरकं होतं. पाइपच्या बुडाला इन्सुलेशन टेपचे चार-पाच वेढे देऊन तो घट्ट बसवा, मग स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. तरी डुलत असेल तर स्टँडसकट झाड एखाद्या रुंद टोपलीत किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवून भोवती विटा किंवा वाळूच्या पिशव्या भरा. वरून जुना साडीचा काठ किंवा गोणपाट टाकलं की ते उघडं प्लास्टिकही झाकलं जातं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर एवढ्यावर थांबू नका. दांड्याच्या दोन-तृतीयांश उंचीवर तंगूस (मासे पकडायच्या गळाचा पारदर्शक नायलॉन दोरा) बांधून तो खिडकीच्या ग्रिलला किंवा पडद्याच्या रॉडच्या ब्रॅकेटला ताणून बांधा. तंगूस दिसत नाही आणि झाड ओढलं तरी पडत नाही.

जागा निवडताना पंखा बघा. आपल्या फ्लॅटमध्ये छत साधारण नऊ फुटांवर आणि पंख्याची पाती त्याच्या फूट-दीड फूट खाली. पाच फुटी झाड दीड फुटाच्या टीपॉयवर ठेवून वर आठ-नऊ इंची चांदणी खोचली की सव्वासात फूट होतात. त्यामुळे पंख्याखाली ठेवायचं असेल तर जमिनीवर. कोपरा सर्वांत चांगला. झाडाचा खालचा घेर तीन फूट व्यासाचा असतो, कोपऱ्यात ठेवलं तर मागच्या फांद्या बाजूंना वळवून घेता येतात आणि मागची चौथाई सजवायला लागत नाही. पडद्याला मात्र चिकटवू नका, आणि देवघरातली समई किंवा निरांजन जवळ असेल तर कोपरा बदला. पीव्हीसी जळताना निघणारा धूर घशाला फार वाईट.

दिव्यांवर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

दिवाळीच्या माळा चालतात, पण कोणत्या ते बघावं लागेल. जुन्या राइस बल्बच्या असतील तर नको, त्या तापतात. एलईडीच्या, थेट 230 व्होल्टच्या प्लगच्या माळा चालतील, पण त्या गॅलरीच्या कठड्यावर जितक्या निर्धोक तितक्या झाडावर नसतात. इथे माणसं आणि मुलं सतत हात लावतात, आणि फांदीची तार म्हणजे शेवटी धातूच. माळेचं आवरण कुठे सोललेलं असेल तर पूर्ण फांदीत करंट उतरू शकतो. म्हणून माझं मत सरळ आहे: झाडावर ॲडॉप्टरवाली किंवा यूएसबीची कमी व्होल्टेजची माळ घ्यावी. दिवाळीची वापरायचीच असेल तर आधी वीतभर वीतभर हातात घेऊन, प्लग न लावता, प्रत्येक दिव्याचं बूड तपासा. दोन पिनांचा प्लग तीन पिनांच्या बोर्डात सैल बसून ठिणग्या टाकतो, तो बदलून घ्या. आणि बिघडलेले आठ-दहा दिवे कापून उरलेली माळ जोडण्याचा उद्योग करू नका. या माळांत दिवे सीरिजमध्ये असतात, संख्या कमी झाली की उरलेल्या प्रत्येकावर जास्त व्होल्टेज पडतं आणि तेही भराभर जातात. अर्धी माळ अचानक बंद पडण्याचं कारणही हेच: एका दिव्याचा पाय गंजून तुटला की त्याच्या गटातले सगळे विझतात.

यूएसबीची तांब्याच्या तारेची माळ पॉवर बँकेवर लावली तर बरेचदा थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. माळ खराब नसते. ती इतका कमी करंट ओढते की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. मोबाइलचा साधा चार्जर वापरा.

किती लागेल ते मोजून बघू. खालचा व्यास तीन फूट, म्हणजे घेर साधारण साडेनऊ फूट, शेंड्याला शून्य, सरासरी पावणेपाच. स्टँड सोडून सजवायची उंची बावन्न इंच, दर आठ इंचांना एक वेढा धरला तर सात वेढे. पावणेपाच गुणिले सात म्हणजे तेहतीस फूट, दहा मीटर. म्हणजे एक माळ पुरेल? हिशोब तर तसंच सांगतो, आणि लोक एकच आणतात. पण त्या दहा मीटरमध्ये माळ नुसती बाहेरून गुंडाळलेली असते, घागरीला दोरी बांधावी तशी. ती फांदीवरून दांड्यापर्यंत आत न्यायची, तिथून पुढच्या फांदीवरून टोकाला आणायची, असं आत-बाहेर करत गेलं की तिप्पट लांबी लागते. तेव्हा दहा मीटर, शंभर दिव्यांच्या तीन माळा. आतले दिवे फांद्यांना मागून उजळतात, झाडाला खोली येते आणि विरळपणा रात्री तरी उरत नाही. वायर हिरवी घ्या, पारदर्शक वायर दिवसा जाळ्यासारखी दिसते. रंग पिवळसर पांढरा. लुकलुकण्याचे आठ प्रकार असतात, त्यातला न लुकलुकणारा निवडा, पुढे पाहुणे दुवा देतील.

माळा चढवायच्या आधी जमिनीवर पसरून अर्धा तास पेटत्या ठेवा. झाडावर चढवताना पेटवून बघत चढवा म्हणजे काळोखे पट्टे लगेच कळतात, मात्र हे फक्त कमी व्होल्टेजच्या माळेबाबत. 230 व्होल्टची माळ विझवूनच हाताळायची. प्लगचं टोक खाली बोर्डाकडे ठेवून खालून वर जा.

चांदणी बॉलच्या आधी बसवून टाका. शेवटी स्टुलावर चढून बसवायला गेलं की हाताने चार बॉल पडतात. शेंड्याची तार एकटी आणि नाजूक असते, चांदणी तिला वाकवते. आकाशकंदिलाला वापरतो तशी बांबूची फूटभर कामटी त्या तारेला जोडून दोन केबल टायनी आवळा आणि चांदणी कामटीवर बसवा. दिव्याची चांदणी असेल तर तिची वायर दांड्याला धरून खाली आणा.

रिबन किंवा झिरमिळ्या गोल गोल गुंडाळायच्या असतील तर वरच्याच हिशोबाने दहा मीटर अधिक झोळासाठी पाव भाग, साडेबारा मीटर. पण मला गुंडाळलेली रिबन आवडत नाही, झाड बँडेज बांधल्यासारखं दिसतं. दोन-दोन फुटांचे तुकडे कापा, एक टोक आत खोचा, मध्ये फुगवटा ठेवा, दुसरं टोक तिरकं खाली खोचा. जरीच्या जुन्या साडीचा काठ यासाठी झकास, फक्त तो लोळतो, म्हणून कडेच्या दुमडीत बारीक बाइंडिंग वायर ओवून घ्या.

आता बॉल. पाच फुटाला साठ पुरे: आठ सेंटिमीटरचे बारा, सहाचे चोवीस, चारचे चोवीस. शिवाय घंटा, वाकड्या मुठीच्या छोट्या काठ्या, सुकलेले पाइनचे शंकू अशी दहा-पंधरा वेगळ्या आकाराची लटकणं. रंग दोन, आणि सोनेरी-चंदेरीपैकी एकच. मोठे, गुळगुळीत, चकचकीत बॉल टोकाला नाही, आत दांड्याजवळ लटकवा. ते आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब परत फेकतात आणि भोकं भरतात. मधले फांदीच्या मध्यावर, छोटे आणि नक्षीचे टोकाला. मोठे खाली जास्त, वर कमी. एका रंगाचे तीन बॉल त्रिकोणात येतील असे लावा, एका ओळीत आले तर नजर त्या ओळीवरच अडकते. सहा फूट मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा, काळा डाग दिसेल तिथे बॉल हवा आणि पांढरा गोळा दिसेल तिथून एक काढा.

बॉलसोबत येणाऱ्या दोऱ्याच्या फासात बॉल सरकत टोकाला येतो आणि पडतो. फास उपफांदीत घालून त्या उपफांदीचं टोक बोटाने एकदा वर मुडपा, फासाला गाठ बसल्यासारखं होतं. टोपी सैल असेल तर आधी गोंदाचा एक थेंब. मूल रांगतं असेल तर खालच्या दीड फुटात काचेचं काही नको.

बर्फ म्हणून कापूस पसरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तो पेटतो पटकन, आणि दोन दिवसांत धुळीने करडा होतो. थर्मोकोलचे मणी तर नकोच, 2018 पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे. खाली येशूच्या जन्माच्या देखाव्याचा गोठा मांडणार असाल तर गवत किंवा पेंढा दिव्यांपासून लांब ठेवा.

सामान मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला आणि दिवे लोहार चाळीत, पुण्यात बोहरी आळीत मिळतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा, शेवटच्या आठवड्यात एका रंगाचे चोवीस बॉल जुळत नाहीत.

कुणी खरं झाड आणायचा सल्ला देईल. नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते बहुधा अरोकेरिया. दिसायला देखणं, पण फांद्या लवचीक आणि थरांमध्ये मोठी अंतरं, त्याला कागदी चांदण्या आणि एकच हलकी माळ पेलते. शेंडा मोडला तर आकार कायमचा जातो, त्यामुळे त्यावर चांदणी खोचू नका. आठ-दहा दिवसांनी परत गॅलरीच्या उजेडात. वसई-गोव्याकडे सुरूची फांदी बादलीतल्या ओल्या वाळूत रोवतात, तीही सुंदर दिसते, फक्त अगदी सणाच्या तोंडावर आणावी.

झाड 6 जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत ठेवतात. उतरवताना उलट क्रम, आणि माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून. बॉल अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये ठेवू नका, पावसाळ्यात ते ओल धरतात आणि झुरळं येतात. प्लास्टिकचे ट्रे, मध्ये वर्तमानपत्र, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. झाड जुन्या चादरीत सुतळीने बांधून आडवं ठेवा. मूळ खोक्यात ते पुन्हा मावत नाही, कोंबायला गेलात तर पुढच्या वर्षी तो एक तास दोन तासांचा होईल.