सोयाबीनची डाळ होते म्हणून ड्रमचा वेग वाढवू नका

पंजाबातून आणलेल्या अकरा वर्षांच्या हार्वेस्टरमध्ये दाणे फुटून सोयाबीनची डाळ होते, तरीही काही शेंगा न फुटता कुटारात जातात, आणि मिस्त्री मळणीच्या ड्रमचा वेग वाढवायला सांगतो, असे आपण लिहिले आहे. हे वाचून मला माझाच एक ऑक्टोबर आठवला. तेल, ग्रीस आणि फिल्टर आपण पाहतच असाल, त्यामुळे ते सोडून देतो.

वेग वाढवू नका. सोयाबीनची साल पातळ असते आणि अंकुर तिला अगदी लागून असतो; त्यामुळे गव्हाच्या वेगाने मारलेला दाणा वरून शाबूत दिसला, तरी बियाणे म्हणून उगवेलच असे नाही. दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असताना मी ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवतो. डाळ होणे आणि शेंगा राहणे हे दोन्ही एकदम घडत असेल, तर माझ्या मते दोष वेगाचा नसून झिजलेल्या रास्प बारचा (ड्रमवर बसवलेल्या, शेंगा घासून फोडणाऱ्या दातेरी पट्टीचा), किंवा ड्रम आणि त्याखालच्या जाळीतील अंतर दोन्ही बाजूंना सारखे नसल्याचा असतो.

माझी मोठी चूक इथेच झाली. आठपैकी दोन शेजारचे बार जास्त झिजले होते, म्हणून मी तेवढेच बदलले. सेवा केंद्राला फोन केला असता, "दोनच खराब आहेत तर दोनच टाका," असे उत्तर मिळाले, आणि मी ते मानले. नवा बार जुन्यापेक्षा जड असतो. समोरासमोरचे बार जोडीने बदलले नाहीत, तर ड्रमचा तोल जातो, हे मला कोणीच सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी मशीन थरथरू लागले, पण गिऱ्हाइके थांबली होती म्हणून मी चालवतच राहिलो. शेवटी एका बाजूचे बेअरिंग जळाले, शाफ्टवर चर पडला आणि ऐन सोयाबीनचे नऊ दिवस यंत्र बांधावर उभे राहिले. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा त्याच केंद्राने "पार्ट चुकीचा बसवला" असा शेरा मारून कागद परत केला. फोनवरच्या सल्ल्याची नोंद कुठे असणार!

बार समोरासमोरच्या जोडीने, वजन करून आणि नव्या बोल्टांनी बसवावेत. त्यांच्या दात्यांची दिशा आळीपाळीने डावी-उजवी असते, ती चुकवू नये. पहिल्या काही तासांनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. हे सर्व इंजिन बंद करून आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवूनच करावे. मी अभियंता नाही आणि आपल्या यंत्राची रचना वेगळी असू शकते, त्यामुळे मापे पुस्तिकेतूनच घ्यावीत.

आणखी एक गोष्ट. पंजाबात ते यंत्र भातावर किती चालले, हे विक्रेत्याला विचारले होते का? भाताच्या काडात सिलिका भरपूर असते, आणि ती ऑगर (धान्य पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा) व एलिव्हेटर (धान्य वर टाकीत नेणारी पेटी) यांचा पत्रा आतून खाते. वरून रंग नवा दिसतो. मी आता जुने यंत्र पाहताना वर्षांपेक्षा हा पत्रा बोटाने दाबून पाहण्यावर जास्त विश्वास ठेवतो. आपणही एलिव्हेटरचे खालचे झाकण उघडून पाहा, आणि ड्रमच्या आठही बारांचे फोटो इथे टाका.