डिजिटल आल्यापासून सीमाभागात मराठी पुस्तक काढणं आणि माहिती मिळवणं खरंच सोपं झालंय का?

छापणं सोपं झालं, त्यात वाद नाही. बेळगावात, शहापूर भागात, वीसेक वर्षं मी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं जुळवायचं काम करतोय. ऑफसेटवर प्लेटी काढायच्या, मशीन लावायचं, हा खर्च पन्नास प्रतींनाही तेवढाच आणि पाचशेंनाही तेवढाच. म्हणून कवी पाचशे काढायचे, शंभर वाटायचे, उरलेल्या पलंगाखाली. आता डिजिटल मशीनवर पन्नासच काढता येतात. प्रतीमागे पैसे जास्त पडतात, पण पलंगाखाली झाडू फिरतो. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांआधी माझ्याकडे अशाच पुस्तकांची घाई असते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तोही घरबसल्या, फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

गोची पुढे आहे. गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी २००६ ची सीडी घेऊन आले. त्यांचा कवितासंग्रह, टाइप केलेला माझ्याच हाताने. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि स्वल्पविरामांची खिचडी. गुरुजी चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. मला घाम फुटला.

झालं होतं असं की तेव्हाच्या फॉन्टमध्ये ‘क’ नुसता दिसायला ‘क’ असायचा. आत कॉम्प्युटरने साठवलेलं असायचं एखादं रोमन अक्षर नाहीतर चिन्ह. तो फॉन्ट नसेल तर कविताही नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये चालत नाही म्हणून आम्ही सगळेच ते टाळत राहिलो. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरने बरंचसं सुटलं, तरी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले होते. तीन रात्री प्रुफं वाचली. पैसे मागायची हिंमत झाली नाही.

म्हणूनच इंटरनेटवर मराठी आहे आणि सापडत नाही, असं होतं. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ डोळ्यांना दिसतात, पण शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्ह या साइटवर चढवलीत, तिथे तर नावंच कशीतरी रोमनमध्ये लिहिलेली. देवनागरीत शोधून मिळालं नाही तर दोन-चार चुकीची स्पेलिंगं टाकून बघा, चेष्टा नाही करत. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पीडीएफबरोबर युनिकोड मजकुराची वेगळी फाइल पेनड्राइव्हवर देतो. बरेच जण ती पुसून लग्नाचे फोटो भरतात.

वर्तमानपत्रांचं मात्र झकास झालंय. १९१९ पासून निघणारा इथला ‘तरुण भारत’ आमची मुंबईची आत्या आता आमच्याआधी वाचते आणि गावात कोण वारलं ते फोन करून आम्हालाच सांगते.

राहिली सरकारी माहिती. १९५६ आधी आम्ही मुंबई राज्यात, त्यामुळे आजोबांचे कागद मराठीत आहेत, काही मोडीत. वडिलांच्या वेळचे कन्नडमध्ये. जमिनीचा उतारा आता ऑनलाइन निघतो, तोही कन्नडमध्येच. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. माझ्या वयाचे असे पुष्कळ सापडतील. मग फोनचा कॅमेरा धरायचा आणि मराठी करून घ्यायचं. उताऱ्याचं बऱ्यापैकी भागतं. पण वडिलांच्या खरेदीपत्रावर कॅमेरा धरला, तर चतुःसीमेत पूर्वेला ‘खड्डा’ आला. आमच्या शेताला खड्डा कुठला? दोन दिवस घरात तीच चर्चा. शेवटी शेजारच्या कन्नड मास्तरांकडे कागद नेला. त्यांनी मोठ्याने वाचलं, ‘हळ्ळ’. वाचल्याबरोबर आम्हीच हसलो. हळ्ळ म्हणजे ओढाही आणि खड्डाही, आणि आमच्या पूर्वेला ओढा आहे, लहानपणी खेकडे धरायचो तोच. तेव्हापासून सर्व्हे नंबर आणि गुंठे फोनवर बघतो, चतुःसीमा मास्तरांकडून वाचून घेतो.