सोलापुरात सकाळी लवकर घर सोडणाऱ्यांनी आदल्या दिवशी कोणता पौष्टिक नाश्ता करून ठेवावा? ओव्हरनाइट ओट्स इथल्या उन्हाळ्यात टिकतात का?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच सोलापुरात राहायला आलात, सकाळी साडेसातच्या आत बाहेर पडावं लागतं आणि व्हिडिओ बघून रात्री भिजवलेले ओट्स सुरू करायचा विचार आहे. ओट्स टिकतात, पण फ्रिजमध्येच. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, रात्रीही स्वयंपाकघर तापलेलंच असतं. दुधात किंवा दह्यात कालवलेली कुठलीही गोष्ट ओट्यावर रात्रभर ठेवायची नाही. रात्री वीज बराच वेळ गेली असेल तर सकाळी वास घेत बसू नका, सरळ टाकून द्या.

माझी सकाळची शाळा असते, म्हणजे मी तुमच्याही आधी बाहेर पडते. माझा अनुभव असा की या गावात आदल्या दिवशी करून ठेवायचं तर पदार्थ एकतर पूर्ण कोरडा हवा, नाहीतर मुद्दाम आंबवलेला. मधल्या ओलसर पदार्थांची फार राखण करावी लागते.

कोरड्यात पहिला मान कडक भाकरीचा. इथे आलात आणि अजून खाल्ली नसेल तर आजच एक पुडा आणा. ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर तिच्यातला सगळा ओलावा जाईपर्यंत वाळवायची. पापडासारखी कुरकुरीत होते. पाणीच उरत नाही, त्यामुळे बुरशी लागत नाही आणि घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज राहते. पावसाळ्यात तेवढी सादळते. तव्यावर जरा गरम केली की पुन्हा कुरकुरीत. गावात बऱ्याच बायका घरी करून विकतात, किराणा दुकानातही पुडे असतात. घेताना नुसत्या ज्वारीची घ्या. काही पुड्यांत मसाला आणि तेल बरंच असतं. ती चहाबरोबर छान लागते, पण रोजच्या नाश्त्याला नको.

सकाळी करायचं इतकंच: वाडग्यात भाकरी चुरायची, वर दही, चमचाभर शेंगाचटणी, असला तर कांदा. पाच मिनिटं मुरू द्या, तोवर तुमची आंघोळ होईल. मुलं असतील तर दूध-गूळ घालून द्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम ज्वारीत प्रथिनं सुमारे 10 ग्रॅम आणि तंतुमयही सुमारे 10 ग्रॅम. तंतूच्या बाबतीत ओट्सपुढे मान खाली घालायचं काही कारण नाही. प्रथिनं ओट्समध्ये थोडी जास्त असतात हे खरं, पण दही आणि शेंगदाणे आले की ती भर निघते. फक्त शेंगाचटणी हात राखून घ्या. शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं आणि चटणीत मीठही चांगलंच असतं. बीपी असेल तर घरीच कमी मिठाची कुटा. मिक्सरमध्ये वाटणार असाल तर थांबून थांबून फिरवा, एकदम फिरवली की तिचा लगदा होतो.

घरी भाकरी करायची तर ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी बघा. तिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आमच्या सासूबाई मंगळवेढ्याच्या, त्यामुळे या विषयावर घरात दुसरं मत चालत नाही. पीठ मात्र आठवड्याचंच दळून आणा. जास्त दिवस ठेवलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते आणि चवीलाही कडवट लागते.

आता आंबवलेल्याकडे. उन्हाळ्यात मी सगळ्यात जास्त आंबील करते. रात्री दोन-तीन चमचे ज्वारीचं पीठ पातळ ताकात कालवून झाकून ठेवायचं. हे बाहेर ठेवलं तरी चालतं, कारण ते आंबायलाच हवं असतं. सकाळी पाण्याला उकळी आली की मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालून हे मिश्रण ओतायचं आणि सात-आठ मिनिटं ढवळत शिजवायचं. ढवळणं सोडलंत तर गुठळ्या होतात. गार झाल्यावर वरून ताक घालून प्यायची. बाटलीत भरून नेता येते, पोटाला थंड वाटते आणि दहा-साडेदहापर्यंत भूक लागत नाही. थंडीत ती एका रात्रीत नीट आंबत नाही, तेव्हा संध्याकाळीच भिजवा.

इडलीचं पीठही याच जातीतलं. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड शेजारी भरपूर, त्यांच्याकडून उन्हाळ्यातली एक गोष्ट शिकून घ्या: पीठ रात्री वाटून बाहेर ठेवू नका. संध्याकाळी वाटा, झोपायच्या आत फुगतंच, मग फ्रिजमध्ये टाका. पहाटेपर्यंत बाहेर राहिलं तर भांड्याबाहेर येतं आणि आंबट ढाण होतं. सकाळी कुकरमध्ये दहा-बारा मिनिटांत इडल्या तयार. दोन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद घेतलात तर प्रथिनंही बरी मिळतात.

धपाटे बरेच जण सुचवतील. मलाही आवडतात, प्रवासाला तर उत्तमच. पण आदल्या रात्री करायचे असतील तर पिठात कांदा आणि कोथिंबीर घालू नका. उन्हाळ्यात त्यांच्यामुळेच लवकर खराब होतात. तीळ, ओवा, लसूण, तिखट एवढंच घाला आणि दह्यात मळा.

मोडाची मटकी आणि मूग यांचं मला फारसं कौतुक नाही. वाईट नाहीत, पण मे महिन्यात कापडात बांधून बाहेर ठेवलेल्या मुगाला दुसऱ्या दिवशी वास येतो. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये, आणि खाण्याआधी वाफवून घ्या. मोड ज्या ओल्या उबेत येतात तिथे जंतूही तितक्याच आनंदाने वाढतात.

अंडी खात असाल तर प्रश्न निम्मा सुटला. उकडून सालीसकट फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर राहतात. सोललेली मात्र त्याच दिवशी संपवा.

ओट्सच हवे असतील तर जाड पोह्यांसारखे दिसणारे रोल्ड ओट्स घ्या, झटपट शिजणारे रात्रभर भिजून खळ होतात. वर डाळिंबाचे दाणे घाला. सोलापुरात डाळिंबाला तोटा नाही आणि सोलून ठेवलेले दाणे फ्रिजमध्ये तीन-चार दिवस छान राहतात. ज्वारीच्या लाह्या मिळाल्या तर त्याही घाला, पण सकाळीच. रात्री घातल्या तर त्यांचा गाळ होतो.

नाश्ता ऑफिसात जाऊन करणार असाल तर कडक भाकरी आणि चटणी वेगवेगळ्या डब्यांत न्या. दही मार्चपासून पुढे घरून नेऊ नका, दुपारपर्यंत पाणी सुटून आंबतं. ऑफिसजवळच्या डेअरीतून छोटी वाटी घ्या, ते सोपं पडेल.