वही दिली, म्हणजे नाटक दिले का?

प्रश्न : मी खानापूर (जि. बेळगाव) तालुक्यातील शेतकरी असून हौसेने नाटके लिहितो. दोन वर्षांपूर्वी हल्याळकडील एका मंडळाला यात्रेतील विनामूल्य प्रयोगासाठी माझ्या नाटकाची हस्तलिखित वही दिली. शाल, नारळ आणि ५०१ रुपये मिळाले. यंदा त्या मंडळाने तेच नाटक कन्नडमध्ये करून तिकीट लावून सादर केले, आणि हस्तपत्रिकेवर माझे नावही छापले नाही. मी नोंदणी केलेली नाही. आता काय करता येईल?
— एक वाचक

उत्तर : बरेच काही करता येईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटक कागदावर उतरले की हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नसून ती केवळ पुराव्याला बळ देते. हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशीच व्हावे लागते, त्यामुळे तुमच्या तोंडी होकारातून फार तर त्या यात्रेपुरती संमती निघते.

हौशी मंडळाने विनामूल्य किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. म्हणून तिकिटाचे पैसे देवळाच्या जीर्णोद्धाराला गेले की मंडळाच्या खात्यात, याची आधी चौकशी करा. मात्र भाषांतर करण्याचा हक्क स्वतंत्र आहे आणि तोही लेखकाकडेच असतो. आपल्याकडे एकाच मांडवात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांचे प्रेक्षक बसतात, म्हणून भाषांतर ही घरचीच बाब वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. अर्थात नाटकाचा केवळ विषय, उदाहरणार्थ भाऊबंदकी, उचलला असेल, तर तक्रार टिकणार नाही. प्रसंग, पात्रे आणि संवाद तुमचेच असल्याचे दाखवावे लागेल. लेखक म्हणून ओळख मिळण्याचा हक्क तर कॉपीराइट विकल्यावरही लेखकाकडेच राहतो.

प्रथम मंडळाला पोचपावतीसह पत्र पाठवून नाव व मानधन मागावे, असे मला वाटते. गावोगावचे संबंध वकिलाच्या नोटिशीने लवकर तुटतात. मंडळाने न ऐकल्यास दावा करण्यासाठी हल्याळला जावे लागत नाही, कारण फिर्यादी राहतो तेथील, म्हणजे बेळगावच्या जिल्हा न्यायालयातही तो दाखल करता येतो. मुदत तीन वर्षांची आहे. हस्तपत्रिका, तिकीट आणि मूळ कच्चा मसुदा जपून ठेवा.

पुढच्या वेळी वहीसोबत एक कागद द्या आणि त्यावर प्रयोग किती, भाषा कोणती, नाव कोठे हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. पूर्ण हक्कच देणार असाल, तर मुदतही लिहा. ती न लिहिल्यास कायदा ५ वर्षे धरतो.