‘आमचं आम्ही बघू’ एवढं मात्र म्हणू नका

एडिसनहून एका मुलीचं पत्र आलं आहे. माहेर कराडचं, सासर साताऱ्यात शाहूपुरीला, लग्नानंतर थेट न्यू जर्सी. धाकटा मुलगा चार वर्षांचा. दिवाळीनंतर त्याला ऑटिझमचं निदान झालं. पत्र लांब आहे आणि त्यात प्रश्न पुष्कळ आहेत. सासूबाईंना कसं सांगायचं, मे महिन्यात साताऱ्याला गेल्यावर काही उपचार करून घ्यावेत का, मुलाशी मराठी बोलावं की इंग्रजी, मोठ्या मुलीकडे लक्ष देता येत नाही त्याचं काय, मंडळाच्या गणपतीला त्याला न्यावं की नाही. सगळ्यांवर येते. पण आधी मला एका ओळीवर बोलायचं आहे, जी तिनं प्रश्न म्हणून लिहिलेलीच नाही.

“निदान झालं त्या दिवशी तिथल्या सोशल वर्करनं पालकांच्या एका गटाची माहिती असलेला कागद दिला होता. ह्यांनी घरी आल्यावर तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. म्हणाले, आपल्याला कुणापुढे रडायला जायचं नाही. आमचं आम्ही बघू. त्यात ग्रीन कार्डचंही चालू आहे, कुठे नाव नोंदवायला नको.”

पत्रात तू मला मावशी म्हटलं आहेस, तेव्हा मावशीसारखंच बोलते. तो कागद ड्रॉवरमधून बाहेर काढ. आजच काढ.

आपल्या लोकांचा हा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे. दोन बॅगा घेऊन आलो, घर शोधलं, बर्फात गाडी चालवायला शिकलो, बाळंतपणं निभावली, कुणापुढे हात पसरला नाही. त्याच जिद्दीवर इथे उभे राहिलो, त्याचा मलाही अभिमान आहे. पण हे काम वेगळं आहे. ते वर्षानुवर्षं चालायचं आहे आणि त्यातलं निम्मं ज्ञान डॉक्टरांकडे नसतंच. फक्त पांढरा भात खाणाऱ्या मुलाच्या ताटात दुसरा पदार्थ कसा सरकवायचा, केस कापताना कात्रीचा आवाज त्याला सहन होत नाही तेव्हा काय करायचं, रात्री दोनला उठून बसणाऱ्या मुलाला परत कसं निजवायचं, मीटिंगमध्ये शाळा ‘नंतर बघू’ म्हणाली तर काय उत्तर द्यायचं, हे ज्या घरांनी सोसलंय त्यांनाच माहीत असतं. तुम्ही दोघं कितीही शिकलेले असा, ते तुम्हाला इंटरनेटवर वाचून येणार नाही.

माझा धाकटा भाऊ डाउन सिंड्रोम असलेला. सत्तरच्या दशकातली सांगली, घर विश्रामबागला. पहिली काही वर्षं पाहुणे आले की आई त्याला आतल्या खोलीत नेऊन बसवायची. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, लोकांच्या नजरा सोसवत नसत म्हणून. मग एकदा मिरजेच्या एका दवाखान्यात बाकावर ताटकळत असताना शेजारी तासगावच्या एक बाई येऊन बसल्या. त्यांचा मुलगाही तसाच, वयानं थोडा मोठा. त्यांनी आईला ना निदान विचारलं ना नशिबाचं काही काढलं. विचारलं एवढंच, “तुमचा बटणं लावतो का? माझा आता लावतो. कसं शिकवलं दाखवू?” आणि तिथंच बाकावर दाखवलं. आधी मोठी बटणं, तीही शर्ट अंगात घालण्याआधी मांडीवर ठेवून, शेवटचं बटण त्याच्याकडून आणि बाकीची आपण.

आई घरी आली ती वेगळीच बाई होऊन आली. पुढे आमच्या ओसरीवर शनिवारी दुपारी बायका जमू लागल्या. कुपवाडच्या, माधवनगरच्या, मिरजेच्या. कुणाला लग्नाला जायचं असलं की तिचं मूल दुसरी सांभाळायची. आज इथे त्याला रेस्पाइट म्हणतात आणि त्यासाठी फॉर्म भरतात. आमच्याकडे ते एका निरोपावर व्हायचं. शाळेत मुख्याध्यापकांना भेटायला एकटी आई गेली तर अर्ज टेबलावर राहायचा, चौघी मिळून गेल्या की खुर्च्या मागवल्या जायच्या.

आणि खरा उपयोग पुढे झाला. भाऊ अठरा वर्षांचा कधीच होऊन गेला होता, वडील गेले, आणि बँकेत त्याच्या वतीनं सही कोण करणार असा प्रश्न आला. आम्ही भावंडं गोंधळून गेलो. शनिवारच्या बायकांना मात्र माहीत होतं की 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला कायदेशीर पालक नेमता येतो, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. फॉर्म कुठे मिळतो, सोबत काय जोडायचं, सगळं त्यांनी सांगितलं, कारण त्यांच्यातल्या एकीनं ते नुकतंच केलं होतं. आज आई नाही. भाऊ थोरल्याकडे आनंदात आहे, आणि कागदपत्रं चोख आहेत.

तू जिथे राहतेस तिथे ही ओसरी तुला तयार मिळते आहे, म्हणून माझा जीव तुटतो. 1971 मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा गावात पालकांनी हेच काम पद्धतशीर सुरू केलं. ज्या घरात नुकतं निदान झालंय त्याला त्याच वाटेनं आधी गेलेल्या पालकाशी जोडून द्यायचं, आणि त्या अनुभवी पालकाला ऐकून कसं घ्यायचं याचं थोडं प्रशिक्षण द्यायचं. त्यालाच आज ‘पेरेंट टू पेरेंट’ म्हणतात. न्यू जर्सीत हे काम स्पॅन ही संस्था करते. तिथे फोन कर आणि सांग की चार वर्षांचा मुलगा आहे, ऑटिझम आहे, घरी मराठी बोलतो, शक्य असेल तर भारतीय घर हवं. पैसे लागत नाहीत.

दुसरं, तुमच्या राज्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक शाळा-डिस्ट्रिक्टमध्ये विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या पालकांचा सल्लागार गट असावाच लागतो. सेपॅग म्हणतात त्याला. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात विचार, पुढची बैठक कधी आहे. जा आणि नुसती बसून ऐक. पहिल्याच बैठकीत कळेल की कोणती बाई तुझी तासगावकर आहे.

आणि शाळेचं काम थांबवू नकोस. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरच्या घरी मिळणारी मदत, अर्ली इंटरव्हेन्शन, वेगळी असते, तुझ्या मुलाचं ते वय गेलं. आता जबाबदारी डिस्ट्रिक्टची. फोनवर बोलून भागत नाही, मुलाचं मूल्यमापन करा असं लेखी दे. लेखी मागणी पोचल्यापासून न्यू जर्सीत 20 दिवसांत पहिली बैठक घ्यावी लागते, आणि तू संमतीची सही केलीस की मूल्यमापन होऊन, मूल पात्र ठरलं तर त्याचा आयईपी, म्हणजे त्याच्यासाठी आखलेली लेखी शिक्षण-योजना, लागू होईपर्यंत 90 दिवस. तारखा वहीत लिहून ठेव. आयईपीच्या बैठकीला आईवडील पाहुणे म्हणून बसत नाहीत, कायद्यानं ते त्या समितीचे सदस्य असतात. आणि मुलाला ओळखणारं माणूस सोबत नेण्याचा तुम्हाला हक्क आहे. जी बाई भेटेल तिला घेऊन जा. एकटीनं जाणं आणि दोघींनी जाणं यातला फरक माझ्या आईनं सांगलीत पाहिला आहे.

ग्रीन कार्डचं म्हणशील, तर जावईबापूंना माझा निरोप सांग. सरकारी शाळेतलं विशेष शिक्षण हा मुलाचा हक्क आहे, त्याला व्हिसा आड येत नाही. पालकांच्या गटात जाऊन बसणं ही तर सरकारी मदतच नव्हे. मेडिकेडसारख्या सरकारी आरोग्य-योजनेचा अर्ज करायची वेळ आली तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, तेवढी काळजी रास्त आहे. पण त्या भीतीपोटी माणसं तोडणं रास्त नाही. ‘कुणापुढे रडायचं नाही’ हेही त्यांनी मनातून काढावं. माझे वडील आयुष्यभर या विषयावर कुणाशी बोलले नाहीत, आणि त्यांची झोप कशी उडालेली असायची ते आम्ही पाहिलं आहे. स्पॅनला फोन करताना वडिलांशी बोलू शकेल असा एखादा बापही माग.

इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या भागात सेंडियास नावाची मोफत सल्ला-सेवा असते, ईएचसी प्लॅनची, म्हणजे मुलाच्या शिक्षण-आरोग्य-देखभालीच्या सरकारी योजनेची, मागणी करण्याआधी तिथे जा; मागणीपासून अंतिम प्लॅन हातात येईपर्यंतची मुदत 20 आठवड्यांची आहे. ऑस्ट्रेलियात एनडीआयएस या सरकारी दिव्यांग-मदत योजनेसाठी नागरिकत्व किंवा कायम निवास लागतो, न्यूझीलंडवाल्यांपैकी फक्त जुन्या ‘प्रोटेक्टेड’ खास व्हिसावाल्यांना ती मिळते. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर ते दार बंद, पण मायटाइम हे पालकांचे गट आहेत, त्यांची चौकशी करा.

आता तुझे बाकीचे प्रश्न.

सासूबाईंना तिकीट काढण्याआधी सांगा, आणि तू नको, त्यांच्या मुलानं सांगायचं. त्या व्हिडिओ कॉलवर ‘आमचा पोरगाही उशिराच बोलला होता’ म्हणतात, तो त्यांचा धीर देण्याचा प्रयत्न आहे, त्यावर चिडू नकोस. नुसतं ऑटिझम हे नाव सांगून थांबू नका, आजीनं काय करायचं तेही सांगा. हाक मारून उत्तर नाही आलं तर जवळ जाऊन खाली बसायचं, पापे घ्यायची घाई करायची नाही, मिक्सर लावण्याआधी सांगायचं. आज्या हे पटकन शिकतात.

मे महिन्यातल्या उपचारांचं म्हणशील, तर चार आठवड्यांत काही होत नाही. कुणी स्टेम सेलचं सुचवलं आहे असं लिहिलं आहेस. त्या वाटेला जाऊ नका. ऑटिझमसाठी ते वापरू नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच सांगितलं आहे. कधी कायमचं परत जायचं ठरलं तर त्याचा विचार तेव्हा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे माहीत असू दे. तिकडेही ‘परिवार’ हा पालक-संघटनांचा राष्ट्रीय महासंघ आहे, हे जास्त लक्षात ठेव.

मराठी बोलायचं. दोन भाषांनी ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. थेरपिस्टनं इंग्रजीच बोला म्हटलं तर कारण विचार.

मोठीचं. मी स्वतः अशा भावाची बहीण आहे म्हणून सांगते, तिला सगळं कळतं. तिच्या वयाला झेपेल एवढं खरं सांग, आणि आठवड्यातली एक वेळ फक्त तिची ठेव, जी धाकट्याच्या कशानंही मोडणार नाही. भावंडांसाठी सिबशॉप नावाची शिबिरं असतात, तेही स्पॅनला विचार.

गणपतीला त्याला ने. आधी मंडळाच्या सेक्रेटरीला फोन करून शांत खोली मागून ठेव, आणि मागताना कारण सांग. मला खात्री आहे की मंडळात तुझ्यासारखं आणखी एखादं घर दोन वर्षं घरीच बसलेलं असेल आणि सेक्रेटरीला ते माहीत असेल. गर्दी व्हायच्या आत पोच, कानांवर लावायचे हेडफोन आणि त्याचा भाताचा डबा सोबत घे, दाराजवळची जागा धर. ढोल-ताशा कधी आहे ते विचारून ठेव आणि त्याआधी निघ. प्रसाद जावईबापू घेऊन येतील.